इयर वनच्या दप्तरात पुस्तकच नाही, मग शाळेत शिकवतात तरी काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेपाच वर्षांची, ब्रिटिश पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय शाळेत इयर वनला. क्रमिक पुस्तकं नाहीत, परीक्षा नाही, गृहपाठ नावालाच. घरी येतं ते एकेका पानावर एकेक ओळ असलेलं पातळ पुस्तक. तिच्याच वयाचा मामेभाऊ दुसऱ्या प्रकारच्या शाळेत पानंच्या पानं लिहितो आणि पाढे घडाघडा म्हणतो. त्यात पहिल्या सत्राच्या रिपोर्टमध्ये लेखनापुढे 'वर्किंग टुवर्ड्‌स' असा शेरा, म्हणजे अपेक्षित पातळी अजून गाठलेली नाही. मुलगी मागे पडतेय का, घरी मराठी बोलतो ते थांबवायचं का, आणि उद्या दुसरीकडे जावं लागलं तर तिचं काय होईल, असं आई-बाबांनी विचारलं आहे.

मी अशा शाळांमध्ये बरीच वर्षं इयर वन आणि इयर टू शिकवते आहे, आणि हा प्रश्न दर वर्षी पहिल्या पालकसभेत कुणीतरी विचारतंच. एवढ्या माहितीवरून मुलगी मागे आहे असं मला दिसत नाही. शाळा चांगली आहे की नाही, हे मात्र एवढ्यावरून सांगता येणार नाही. ते दप्तरावरून कळत नाही, कारण या पद्धतीत अभ्यासक्रम पुस्तकात छापलेला नसतो. तो बाईंच्या रोजच्या नियोजनात असतो. बाई चांगल्या असतील तर तो भक्कम असतो, नसतील तर खरोखरच पोकळ असतो, आणि दोन्हीकडे दप्तर सारखंच हलकं.

आधी वयाचा हिशोब करू, कारण अर्धी काळजी तिथेच मिटते. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुलं एका वर्गात येतात. चार पूर्ण झालेलं मूल रिसेप्शनला (इयर वनच्या आधीचा वर्ग), पाच पूर्ण झालेलं इयर वनला. म्हणजे इयर वन ही पहिली नव्हे. जिथे पहिली सहा पूर्ण झाल्यावर सुरू होते, तिथल्या पहिलीशी वयाने जुळतं ते इयर टू. अमेरिकन पद्धतीशी ताडून पाहिलं तर इयर वन म्हणजे किंडरगार्टन. शिवाय एकाच वर्गात सप्टेंबरमधलं मूल ऑगस्टमधल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठं असतं. पाचव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आजवरच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा. तुमची मुलगी वर्गात लहानांपैकी असेल, तर रिपोर्ट वाचताना ते डोक्यात असू द्या.

आता ते पातळ पुस्तक. इंग्लंडच्या नॅशनल करिक्युलममध्ये, म्हणजे १९८८च्या कायद्यातून आलेल्या आणि सध्याच्या रूपात २०१४पासून लागू असलेल्या अभ्यासक्रमात, वाचनाची सुरुवात फोनिक्सने होते. अक्षरांची नावं आधी नाहीत, आधी ध्वनी. इंग्रजी लिपीतली अक्षरं २६, पण भाषेतले ध्वनी साधारण ४४, आणि एकच ध्वनी चार-पाच प्रकारे लिहिला जातो. बहुतेक शाळा एस, ए, टी, पी, आय, एन या सहांपासून सुरुवात करतात, कारण एवढ्यात सॅट, पिन, टॅप, नॅप असे भरपूर शब्द जमतात. मग दोन अक्षरांचा मिळून एक ध्वनी (एस-एच), मग तिघांचा मिळून एक ('लाइट'मधला आय-जी-एच), मग मधे व्यंजन आणि शेवटी मुका ई, जसं 'केक'मध्ये. घरी येणाऱ्या पुस्तकात तोवर शिकवलेल्या ध्वनींपलीकडचे शब्द जवळपास नसतात. म्हणून ते इतकं साधं दिसतं. त्यातला शब्द मुलाने चित्र बघून ओळखायचा नसतो, ध्वनी जोडून वाचायचा असतो.

इथे मराठी घरात एक अडचण हमखास येते. आपल्या लिपीत प्रत्येक व्यंजनात अ दडलेला असतो, त्यामुळे आई-बाबा एस म्हणजे 'स', टी म्हणजे 'ट' असं पूर्ण उच्चारून शिकवतात. मूल मग 'स-ॲ-ट' जोडायला जातं आणि 'सॲट' असं काहीतरी तोंडातून येतं, सॅट येत नाही. व्यंजन तोडून म्हणा. स्स्स् लांबवता येतो तसा लांबवा, ट् नुसता टिचकीसारखा सोडा, मागे अ लावू नका. दुसरी गोष्ट, व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपल्याकडे 'व'च. 'वेट' लिहिताना मूल कधी व्ही लिहितं, कधी डब्ल्यू. याला तिची हुशारी जबाबदार नाही, कान जबाबदार आहे. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू होतो, हे आरशासमोर दाखवा. बहुतेकांना पटकन कळतं.

इयर वनच्या शेवटी, जूनमध्ये, इंग्लंडमधल्या शाळांत फोनिक्सची एक छोटी चाचणी होते. २०१२पासून ती सुरू आहे आणि बाहेरच्या बऱ्याच ब्रिटिश शाळा ती स्वेच्छेने घेतात. मूल बाईंसमोर बसून ४० शब्द वाचतं. त्यातले २० खरे, २० निरर्थक. निरर्थक शब्दाशेजारी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, म्हणून मुलं त्यांना एलियन शब्द म्हणतात. पालकांना हे वेडगळ वाटतं, पण त्यामागचा हेतू बरोबर आहे: पाठ केलेला शब्द आणि वाचलेला शब्द यांतला फरक अशानेच दिसतो. गंमत अशी की चांगलं वाचणारी मुलंही इथे फसतात. त्यांना अर्थ लावायची सवय झालेली असते, म्हणून 'स्ट्रॉम' समोर ठेवलं तरी ती 'स्टॉर्म' वाचून मोकळी होतात.

घरी करण्यासारखं एवढंच की तेच पुस्तक आठवड्यात दोन-तीनदा वाचून घ्या. पहिल्यांदा नुसतं ध्वनी जोडत, दुसऱ्यांदा अडखळणं कमी करत, तिसऱ्यांदा पात्रांचे आवाज काढत. 'हे झालं, नवीन द्या' म्हणून शाळेच्या मागे लागू नका. मोठी, रसाळ पुस्तकं तुम्ही तिला वाचून दाखवा, ती वेगळी ठेवा.

लेखनाचं जरा सविस्तर सांगते, कारण खरी तुलना मामेभावाशी तिथेच होते आहे. इयर वनमध्ये मुलाने वाक्य आधी तोंडाने रचायचं, म्हणून दाखवायचं, लक्षात धरून ठेवायचं आणि मग ध्वनी सुटे करत कागदावर उतरवायचं, अशी रीत आहे. पाच-साडेपाच वर्षांच्या मुलासाठी हे एकाच वेळी चार कामं करणं आहे. तीन ओळी लिहून ती दमते ती यामुळे. समजा तिने 'द फ्रॉग जम्प्ड' असं लिहिलं आणि जम्प्डचं स्पेलिंग जे-यू-एम-पी-टी केलं. तुम्हाला चूक दिसते. मला दिसतं की तिने पाच ध्वनी क्रमाने ओळखले, शेवटचा ट् तिला ऐकू आला (तिथे खरंच ट् ऐकू येतो) आणि मधला एम सुटला नाही, जो या वयात सर्रास सुटतो. भूतकाळासाठी ई-डी लावायचं हे पुढचं पाऊल. म्हणून बाईंनी त्याखाली लाल रेघ मारलेली नसते. मात्र हेच स्पेलिंग इयर थ्रीच्या वहीत तसंच राहत असेल आणि तेव्हाही कुणी काही म्हणत नसेल, तर ती शाळेची ढिलाई आहे.

मामेभावाची पानं बहुधा फळ्यावरून किंवा पुस्तकावरून उतरवलेली असतील. ते निरुपयोगी नाही. हात बसतो, अक्षर वळणदार होतं, जास्त वेळ बसून लिहायची सवय लागते, आणि या बाबतीत ब्रिटिश पद्धतीच्या शाळा कमी पडतात असं माझं मत आहे. पण ते वेगळं काम आहे. त्याची दहा पानं आणि तिच्या तीन ओळी एका तराजूत घालू नका.

'वर्किंग टुवर्ड्‌स' या शेऱ्याबद्दल बाईंना एकच गोष्ट विचारा: हे वर्षअखेरीच्या अपेक्षेच्या तुलनेत आहे की आत्ता, या सत्रात जे अपेक्षित आहे त्याच्या तुलनेत? काही शाळा पहिल्या प्रकारे लिहितात. तसं असेल तर पहिल्या सत्रात निम्म्याहून जास्त वर्गाला तोच शेरा असू शकतो आणि त्यात चिंतेचं काही नाही. दुसऱ्या प्रकारे असेल, तर नेमकं कुठे अडतंय, ध्वनी ओळखण्यात, पेन्सिल धरण्यात की वाक्य सुचण्यात, हे बाईंना लगेच सांगता आलं पाहिजे. 'हळूहळू होईल' या उत्तरावर समाधान मानू नका.

गणिताकडे येऊ. आठ अधिक पाच. मामेभाऊ तेरा म्हणेल, कदाचित तुमच्या मुलीपेक्षा लवकर. तुमची मुलगी वर्गात दहा घरांची चौकट समोर ठेवते, त्यात आठ गोट्या मांडते, उरलेली दोन घरं पाचातल्या दोन गोट्यांनी भरते आणि तीन बाहेर राहिल्या म्हणते. आधी वस्तू, मग त्यांचं चित्र, मग नुसते आकडे, असा हा क्रम. याचा फायदा लगेच दिसत नाही. अठ्ठावीस अधिक पाच आले की दिसतो, कारण दहाचा टप्पा गाठायची युक्ती तिथेही तीच असते. वाईट शाळा इथे दोन प्रकारे घसरतात. काही मुलं शाळेच्या तिसऱ्या वर्षीही गोट्याच मोजत बसतात, कुणी पुढे नेत नाही. काही ठिकाणी गोट्या कपाटात आणि रोज छापील वर्कशीट. दुसरा प्रकार पालकांना आवडतो, कारण फाइल जाड होते.

पाठांतराला इथे जागा नाही हा समज मात्र चुकीचा. इयर टूमध्ये दोन, पाच आणि दहाचे पाढे, इयर थ्रीमध्ये तीन, चार आणि आठचे, आणि इयर फोरच्या शेवटापर्यंत बारा बारेपर्यंत सगळे यावेत अशी अपेक्षा आहे. इंग्लंडमध्ये इयर फोरला त्याची संगणकावर चाचणी होते: २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. सहा सेकंदात बोटं मोजून उत्तर येत नाही. तेव्हा घरी पाढे म्हणवून घेता येत असतील तर खुशाल घ्या, मराठीत घ्या. वर्गात मी मुलांना विचारलं आहे, डोक्यात कुठल्या भाषेत म्हणतोस? उत्तर इंग्रजीत येतं, पाढा घरच्या भाषेत चालतो.

विज्ञान, इतिहास, भूगोल, कला यांबद्दल फार लिहीत नाही. इयर वनच्या विज्ञानात झाडं, प्राणी, वस्तू कशाच्या बनल्या आहेत आणि ऋतुबदल एवढं असतं. हा ऋतुबदल इंग्लंडचं हवामान गृहीत धरून लिहिलेला. पानगळच होत नाही अशा ठिकाणी लाल-पिवळी कागदी पानं भिंतीवर चिकटवलेली दिसली, की मी समजते, बाईंनी तयार योजना जशीच्या तशी उचलली आहे. इतिहासात लहान वर्गांसाठी १६६६ची लंडनची आग हे उदाहरण अभ्यासक्रमातच दिलेलं आहे. मोठ्या वर्गांत प्राचीन संस्कृतींमध्ये सुमेर, इजिप्त, चीनचं शांग राजघराणं यांच्याबरोबर सिंधू संस्कृतीचाही पर्याय आहे. इंग्लंडबाहेरच्या शाळांवर या अभ्यासक्रमाची कायदेशीर सक्ती नाही, त्यामुळे त्या काय निवडतात आणि जिथे शाळा आहे तिथला इतिहास शिकवतात का, यावरून त्यांनी किती विचार केलाय ते कळतं.

शाळा पारखायची कशी, हा तुम्ही न विचारलेला पण खरा प्रश्न. पाटीवर 'ब्रिटिश' लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. ब्लेझर, हाऊसेस, असेंब्ली, हे सगळं महिनाभरात उभं करता येतं. म्हणून आधी अभ्यासक्रम कोणता ते स्पष्ट विचारा. इंग्लंडचा नॅशनल करिक्युलम, केंब्रिज प्रायमरी (यात स्टेज वन ते सिक्स असतात आणि शेवटी चेकपॉइंट नावाची चाचणी) आणि इंटरनॅशनल प्रायमरी करिक्युलम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ शाळा त्यांची मिसळ करतात. मिसळ चालेल, पण कोणता विषय कशातून घेतला हे मुख्याध्यापकांना न चाचरता सांगता यावं. मग तपासणीचं विचारा. ब्रिटिश सरकारच्या शिक्षण विभागाची 'ब्रिटिश स्कूल्स ओव्हरसीज' नावाची योजना आहे, तीत मान्यताप्राप्त संस्था येऊन शाळेची तपासणी करतात आणि अहवाल जाहीर होतो. अहवाल मिळाला तर पहिल्या पानावरचे गोड शब्द सोडा, 'पुढे काय सुधारावं' हा भाग वाचा. आणि पुढच्या भेटीत त्याबद्दल काय केलं ते विचारा.

त्याहून महत्त्वाची तपासणी तुम्हालाच करता येते. पालकभेटीच्या दिवशी मुलीच्या वर्गातल्या वह्या मागा. सप्टेंबरचं पान आणि आत्ताचं पान शेजारी ठेवा. अक्षराचा आकार, शब्दांमधली जागा, वाक्याची लांबी, पूर्णविराम, यांतलं काही बदललंय का? बाईंनी नुसतं 'वेल डन' आणि तारा दिला आहे, की काहीतरी सुचवलं आहे आणि मुलीने त्याखाली ते करून पाहिलं आहे? आणि भिंतीवर वर्गातल्या सगळ्यांचं काम लावलेलं असतं ते बघा. पंचवीसच्या पंचवीस चित्रं आणि वाक्यं एकसारखी असतील तर मुलांनी फार विचार केलेला नाही.

वाचन कोण ऐकतं, आठवड्यातून किती वेळा, हेही विचारा. पुष्कळदा ते काम वर्गातल्या साहाय्यक बाई करतात. त्यात गैर काही नाही, त्यांना फोनिक्सचं प्रशिक्षण दिलेलं असेल तर. अशा शाळांमध्ये परदेशातून आलेले शिक्षक बऱ्याचदा दोन वर्षांच्या करारावर असतात. साहाय्यक बाई मात्र कित्येक वर्षं तिथेच असतात आणि मुलाला त्याच जास्त ओळखतात. बाई मधेच सोडून गेल्या तर मुलाची माहिती पुढच्या बाईंकडे कशी जाते, या प्रश्नावर शाळेची खरी घडी दिसते.

आता मराठीचं. बदलू नका. शाळेतल्या कुणी 'घरी इंग्रजी बोला' असं सुचवलं असेल तर नम्रपणे नाही म्हणा. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९मध्ये मांडलेला भेद आम्हा शिक्षकांना रोज उपयोगी पडतो: खेळताना, जेवताना लागणारी बोलीभाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं, पण धड्यातली, कारणं देण्याची, तुलना करण्याची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि ती विचाराची भाषा एकीकडे घट्ट झाली की दुसरीकडे नेता येते. ज्या मुलाला मराठीत 'हे त्यापेक्षा जड आहे म्हणून बुडालं' असं सांगता येतं, त्याला फक्त इंग्रजी शब्द हवे असतात. ज्याला कुठल्याच भाषेत कारण सांगायची सवय नाही, त्याला शिकवणं मला जड जातं. आई-बाबांचं तुटक इंग्रजी ऐकून वाढलेल्या मुलांकडे बहुधा दोन्ही भाषांत छोटी, आज्ञेची वाक्यं असतात. तेव्हा भांडा मराठीत, हिशोब करा मराठीत, 'का' विचारा मराठीत. देवनागरी वाचायला शिकवायची असेल तर माझा अनुभव असा की इंग्रजी ध्वनी जोडणं एकदा रुळलं की देवनागरी झपाट्याने येते, कारण जोडण्याची रीत हाताशी असते. अर्थात दोन्ही एकदम शिकणारी मुलंही पाहिली आहेत.

राहता राहिलं शाळा बदलणं. एका ब्रिटिश शाळेतून दुसरीत जाणं सोपं, वयावरून इयर ठरतं. पाठ्यपुस्तक आणि परीक्षा असलेल्या पद्धतीत इयर फोरच्या आत गेलं तर साधारण एका सत्रात मूल रुळतं. तिथे अडतं ते दोन गोष्टींवर: लिहिण्याचा वेग आणि प्रश्नाला अपेक्षित साच्यातलं उत्तर देणं. जायचं नक्की असेल तर आधीचे काही महिने रोज दहा मिनिटं पाहून लिहिण्याचा सराव घ्या. इयर सिक्सनंतर जायचं झालं, तर नव्या पद्धतीतले जड झालेले विषय आणि तिथली भाषा, दोन्ही एकदम अंगावर येतात. तो निर्णय शक्यतो लांबवू नका.

निघताना शाळेकडून शेवटचा रिपोर्ट, वाचनाची पातळी आणि प्रमाणित चाचण्यांचे गुण लेखी घ्या. या चाचण्यांत वयानुसार काढलेला गुण असतो, त्याची सरासरी १०० धरलेली असते आणि मुलाचं वय महिन्यांत मोजलेलं असतं, त्यामुळे वर्गात लहान असलेल्या मुलीवर अन्याय होत नाही. आणि प्रवेशाच्या वेळी सही केलेला करार काढून नोटिशीची अट आजच वाचून ठेवा. बऱ्याच शाळा एक पूर्ण सत्र आधी लेखी कळवायला सांगतात, नाही कळवलं तर त्या सत्राची फी भरावी लागते.